चौदा दिवसांचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांच्या मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे बोराएवढी गाठ, डॉक्टर अनुपमाबाईंनी नळी घालून काढला. पोट फाडलं नाही, टाका घातला नाही. त्यामुळे आपल्याला काही झालेलंच नाही, असं ह्यांनी घरी येताच ठरवून टाकलं.

बाईंनी मला मात्र बाजूला घेऊन बजावलं होतं. "गाठ काढून जागा भाजली आहे. तिथे खपली धरेल. ती आठ-दहा दिवसांनी सुटते. तेव्हा जोर केला तर आतून रक्त वाहू लागतं. चौदा दिवस वजन उचलायचं नाही. आणि गुडघ्यांसाठी ॲस्पिरिन घेतात ना, ती बंद. तिने रक्त लवकर थांबत नाही."

गोळ्यांचं पाकीट मी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलं. पण दहाव्या दिवशी चतुर्थी होती. दोन फुटी शाडूचा गणपती कारखान्यातून आमच्या नाहूरच्या चाळीत हे दरवर्षी एकटे उचलून आणायचे.

"गुणाजीच्या घरचा गणपती गुणाजीच आणणार," हे म्हणाले.

"आणि रस्त्यात रक्त सुटलं तर?"

"द्रौपदी, शुभ बोल गं!"

रागाने मी दोन दिवस अबोला धरला. ह्यांना तो चक्क आवडला. मला मात्र भीतीने जेवण जाईना. शेवटी चाळीतल्या दादूकाकांकडे गेले. गणपती आणायला निघण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवाला सांगायचं सगळं ते सांगतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हुंकार भरायचा.

चतुर्थीच्या सकाळी सगळे जमले. हे नवी टोपी घालून, बाह्या सरसावून पुढे.

"बा देवा म्हाराजा! लेकरांची सेवा मान्य करून घे!"

"होय म्हाराजा!" ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ह्या गुणाजीच्या आतड्यातली गाठ काढल्यानी हा. चवदा दिवस तो वजन उचलूचो नाय!"

"होय म्हाराजा!"

"ॲस्पिरिनची गोळी खावचो नाय!"

"होय म्हाराजा!"

हे सवयीने बोलून गेले आणि तोंड उघडंच राहिलं. पोरं खो-खो हसत सुटली.

"काका, ह्यो घात झालो!"

"देवासमोर तूच हो म्हटलंस रे. आता माघार नाय."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी पदर तोंडाला लावला.

"मग उचलणार कोण? मला मुलगा नाही," हे हळूच म्हणाले.

"मी आहे ना, बाबा," प्रेमा म्हणाली. आमची एकुलती एक, कॉलेजात जाणारी.

कोणी नाक मुरडलं, कोणी झकास म्हटलं. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि लेकीच्या डोक्यावर ठेवली. येताना प्रेमाच्या हातात गणपती होता आणि हे पुढे रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवत, "बाजू व्हा रे!" ओरडत चालले होते.

रक्ताचा थेंबही गेला नाही. गौरींबरोबर विसर्जन आलं तो पंधरावा दिवस. माझा जीव भांड्यात पडला. आता ह्यांना मोकळीक होती. आरती झाली. हे मूर्ती उचलायला वाकले ते मध्येच थांबले.

"प्रेमा, ये गं," हे म्हणाले. "तू आणलास, तूच पोचव."

मी तांदूळ काढायच्या निमित्ताने आत गेले आणि मनसोक्त रडून घेतलं.