गुंडूच्या बंदुकीवरचं नाव

"नाव सांगा पावणं, आन् उगं हलू नका. ही परात न्हाय, बंदुकीची नळी हाय," छिन्नीची धार बघत कृष्णात म्हणाला.

गगनबावड्याचा गुंडू लोहार समोर आपली ठासणीची बंदूक घट्ट दाबून बसला होता. बंदूक त्यानं स्वतः घडवलेली. संस्थान विलीन झालं आणि नवा हुकूम आला: घरी केलेल्या बंदुकीवर करणाऱ्याचं नाव, गाव आणि कचेरीनं दिलेला नंबर कोरून आणा, नाहीतर ती सरकारजमा. जमा म्हणजे थेट भट्टीत. मुदत आज कचेरी बंद होईपर्यंत. रानडुकरं नाचणीचा फडशा पाडतील ते राहू द्या, गुंडूचा जीवच त्या लोखंडात अडकला होता.

कृष्णात भांड्यांवर नावं घालायचा. ऐन लग्नसराईत त्याचा हात आपोआप चालायचा आणि तोंड हाताच्याही पुढं. नंबर झाला, नाव झालं, गाव झालं. खासबाग मैदानातल्या कुस्तीची गोष्ट रंगात आली आणि हात तसाच पुढं गेला. थांबला तेव्हा नळीवर ठसठशीत अक्षरं होती: 'गुंडू आकाराम लोहार, गगनबावडा, यांजकडून सप्रेम भेट.' करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

गुंडूला वाचता येत नव्हतं. कृष्णातनं सांगितलं तसं त्याचं तोंड उतरलं.

"घासून काडा की."

"घासलं तर नंबर खोडला म्हणून आत टाकतील. चला, मी बी येतो संगं."

कचेरीत साहेबानं नंबर ताडून पाहिला, नाव वाचलं, आणि पुढचं दोनदा वाचलं.

"भेट? कुणाला?"

कृष्णातनं तोंड उघडलं, पण गुंडूच आधी बोलला.

"रानडुकरास्नी, सायेब."

साहेब हसता हसता टेबलावर वाकला. शिपाईही हसला. "नाव आहे, गाव आहे, नंबर आहे," साहेब डोळे पुसत म्हणाला. "जास्त कोरू नये असं हुकमात कुठं लिहिलंय? घेऊन जा."

बाहेर येताच गुंडूनं विचारलं, "ह्यात माजं नाव कुटनं कुटंवर?"

कृष्णातनं त्याचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. गुंडूला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"आमच्या घरात तांब्यापास्नं परातीपत्तोर समद्यावर सासऱ्याचं नाव हाय," तो म्हणाला. "माजं आता ह्या एकावर."

बंदूक खांद्यावर घेऊन, कोरलेली बाजू येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी धरून, तो सावकाश यष्टीकडे चालू लागला.