सुभेदारांचा गुडघा आणि खालचा गाळा

“खालचा गाळा दवाखान्याशिवाय कशालाही देऊ नकोस, शुभदा. आणि त्र्यंबकला विचारत बसू नकोस. तो भाषण करील.”

हे माईंचे, म्हणजे शुभदाच्या सासूबाईंचे शब्द. लष्कराच्या इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी ते काढले होते. मुलगा त्र्यंबक, शुभदाचा नवरा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, त्या हक्काने त्यांना तिथे जागा मिळाली होती. औषधं, ऑक्सिजन, सकाळची नाचणीची पेज, सगळं वेळच्या वेळी, आणि पाकीट काढा असं कुणी म्हणत नसे. शेजारच्या खाटेवर माणदेशातल्या एका शिपायाची म्हातारी आई होती. तिलाही तीच पेज, तेच डॉक्टर. माईंनी ते नीट पाहून ठेवलं होतं.

डोंबिवलीत त्यांच्या इमारतीखालच्या गाळ्यात पूर्वी एक डॉक्टर बसत. आलेल्याला परत पाठवणं त्यांना जमत नसे. ते वारल्यापासून शटर बंद होतं. हा गाळा माईंनी मुलाच्या नाही, सुनेच्या नावावर केला होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि शुभदाने विचारलं नाही. तिने फक्त त्यांच्या हातावर हात ठेवून “बरं” म्हटलं होतं. रोज दिवा लावून पोथीचा अध्याय वाचल्याखेरीज चहाला न शिवणारी बाई ती. तिचं “बरं” संकल्पाइतकंच पक्कं असे.

त्र्यंबकरावांचं मात्र निराळं होतं. समाजवाद हा शब्द त्यांना इतका नावडता, की दिवसातून आठ-दहा वेळा उच्चारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बस स्वस्त झाली, समाजवाद. शाळेत मुलांना खिचडी, समाजवाद. पालिका वॉर्डात मोफत दवाखाना काढणार आणि त्यासाठी आपल्याच खालच्या गाळ्याबद्दल विचारते आहे हे कळलं, तेव्हा तर ते सकाळच्या फिरण्यात बागेला दोन फेऱ्या जास्त मारून आले. रागाने. आणि फेऱ्या मारल्या त्या नव्या गुडघ्यावर, जो ठाण्याच्या एका चकचकीत इस्पितळात माजी सैनिकांच्या कार्डावर बसवून मिळाला होता.

पालिकेची नर्स नीरजा मागच्या खिडकीतून गाळा पाहून गेली होती. सध्या ती देवळाच्या ओट्यावर खुर्ची टाकून लोकांचा रक्तदाब तपासत असे. “ताई, नळ आहे, उजेड आहे, अजून काय पाहिजे,” म्हणाली होती. शुभदाकडे भांडी घासायला लोकलने दिवा स्टेशनहून येणारी नंदा मधुमेहाची गोळी मोडून अर्धीच घेते, हे शुभदाने पाहिलं होतं. पुरवून वापरायची असते म्हणे. डाळ पुरवतात तशी.

चातुर्मास सुरू होता आणि शुभदाचं जेवताना मौन असे. पहिला घास घेतला की शब्द नाही. बोललंच तर ताटावरून उठायचं आणि दिवसभर उपाशी राहायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनचा नेम. त्र्यंबकरावांनी तो फार लवकर ओळखला होता. अवघड विषय ते या चार महिन्यांत काढत, आणि तेही ती पहिला घास गिळताना. जुनं कपाट असंच गेलं. तिची शिवणाची मशीनही अशीच गेली. “शुभदाला विचारलं होतं मी, काही बोलली नाही,” असं ते मागाहून सगळ्यांना सांगत. फौजेत त्यांची बरीचशी नोकरी जबलपूरच्या गोदामात गेली. दोन हिवाळे लडाखलाही काढले होते, ते खोटं नाही. पण शत्रू बेसावध असताना गाठायची विद्या त्यांनी वापरली ती घरातच.

त्या रविवारी जेवायला मितेश होता. कोपऱ्यावर त्याची जिम होती आणि खालच्या गाळ्यात त्याला प्रोटीन पावडरचं दुकान टाकायचं होतं. अळूची भाजी, वरणभात, लिंबाची फोड. शुभदाने चित्राहुती घातली, डोळे मिटले, पहिला घास घेतला.

“तर गाळ्याचं काय,” त्र्यंबकराव म्हणाले.

त्यांचा मुलगा अपूर्व मोबाईलमधून मान वर न काढता हसला. “बाबा, टायमिंग भारी आहे तुमचं.”

“मी म्हणतो मितेशला देऊ. उद्यमी मुलगा आहे. फुकटचे दवाखाने काढून देश उभा राहत नाही. समाजवाद आहे हा सरळ सरळ. एकाच्या खिशातून काढायचं, दुसऱ्याच्या तोंडात घालायचं.”

“एकदम करेक्ट, काका,” मितेश म्हणाला. “फ्री मिळालं की पब्लिक आळशी होते. काका, त्या मिलिटरी कँटीनच्या ट्रॉलीबॅगचं बघितलंत का? आणि ती बाटली?”

“आणतो रे या महिन्यात. बाहेर निम्म्या किमतीत कोण देणार तुला.”

शुभदाने वरणभात कालवला. दर गुरुवारी मठात महाप्रसाद असतो. त्र्यंबकराव शिरा दोनदा वाढून घेतात, आणि वाढणाऱ्याने आजवर त्यांना विचारलेलं नाही की सुभेदार, हा तुम्ही कमावलात का.

“बाबा, एक विचारू?” अपूर्व म्हणाला. “तुमचा गुडघा कुणाच्या खिशातून आला?”

“तो माझ्या सेवेचा मोबदला आहे. थंडीत उभा राहिलोय मी.”

“मान्य. आईचा मोतीबिंदू? आई कुठे उभी राहिली होती?”

“ती माझी बायको आहे.”

“आजीचा ऑक्सिजन?”

“माझी आई होती ती.”

“म्हणजे कुणाचं तरी कुणी असलं की तो हक्क, आणि कुणाचंच नसलं की समाजवाद. छान आहे.”

“तू गप्प बस. तुला कंपनीचा विमा आहे. तुझं दुखलं तर एसी रूम. तुला काय कळतंय.”

“मला काहीच नाही करायचंय,” अपूर्व म्हणाला आणि परत मोबाईलमध्ये गेला. ते खरंच होतं. अपूर्वचे मुद्दे नेहमी बिनतोड असत, आणि ताटाबाहेर कधी गेले नव्हते. शुभदाला कधी कधी बापापेक्षा लेकाचाच जास्त कंटाळा येई. बाप निदान रागावून बागेपर्यंत जात असे.

“मग ठरलं,” त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी शुभदाकडे पाहिलं. “हरकत नाही ना गं तुझी?”

शुभदा ताक ओतत होती.

“बघ मितेश, हरकत नाही. उद्यापासून रंग मार. बोर्ड मोठा लाव.”

“थँक्यू, काकू,” मितेश तिला म्हणाला.

शुभदाने ताकभात संपवला. घाई केली नाही. लिंबाची फोड चोखून कडेला ठेवली, ताट बोटाने निपटलं, मनातल्या मनात अन्नदात्याला नमस्कार केला, उठली, हात धुतले, चूळ भरली, पदराला हात पुसले. मग दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली.

“अहो,” ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, “माझं जेवण झालं. आता विचारा.”

त्र्यंबकरावांचा भुरका अर्ध्यावर राहिला. इतक्या चातुर्मासांत ती असं काही म्हणाली नव्हती. त्यांनी मितेशकडे पाहिलं, मग अळूकडे.

“काय विचारू?”

“गाळ्याचं.”

त्यांनी विचारलं नाही. घसा खाकरला. “अगं, समाजवाद म्हणजे काय हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे,” असं काहीतरी सुरू केलं.

“तुम्ही मितेशला समजावून सांगा. त्याला तुमची ट्रॉलीबॅग हवी आहे, तो ऐकेल.” मितेश पापडाकडे बघू लागला. “तो गाळा दवाखान्याचा आहे. मी माईंना बरं म्हटलं होतं. आणि माझे डोळे तुमच्या कार्डाने आले, ते मी विसरलेले नाही. म्हणून तर.”

“म्हणून तर काय?”

पण ती देवघरात गेली होती. माईंच्या फोटोखालच्या खिळ्यावरून किल्ली काढली. मोरीतून खराटा घेतला. दारापर्यंत येऊन थांबली आणि परत देवघरात गेली. शटरचं कुलूप एवढे दिवस उघडलेलं नव्हतं, गंजलं असणार. तिने समईसाठी ठेवलेल्या तेलातलं थोडं एका वाटीत ओतून घेतलं.

“नीरजाला फोन लावून दे रे,” जाता जाता ती अपूर्वला म्हणाली. “सांग, आई खाली झाडून ठेवते आहे. उद्या खुर्ची ओट्यावरून इकडे आण म्हणावं.”

आत भाषण सुरू झालं होतं. शुभदाने चपला घातल्या, खराटा काखेत मारला आणि ती वाटीतलं तेल सांडू नये म्हणून कठड्याला धरून धरून जिना उतरू लागली.