सव्वासहा कप

मापबाई बाजारात शिरली की तराजूंचे काटे आपोआप मधोमध येऊन उभे राहायचे, असं जुने दुकानदार सांगतात. त्यातलं तिखटमीठ वजा केलं तरी एवढं खरं, की एका कापडवाल्याची आखूड मीटरपट्टी तिला पाहून घामाने दोन बोटं लांब झाली होती. आणि एका तेलवाल्याने तर जिन्यावर तिची चप्पल वाजताच गेलेल्या गिऱ्हाइकाला गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाऊन राहिलेलं तेल नेऊन दिलं होतं. एकतीस वर्षं ती वजनमाप खात्यात निरीक्षक होती. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव नोकरीच्या कागदांवर असेल कुठेतरी. बाजाराने ठेवलेलं नाव मापबाई. आता बाजार सुटला होता, पण नाव सुटलं नव्हतं.

त्र्याहत्तराव्या वर्षी ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. काचेच्या कपाटात पितळी मापं ओळीने मांडलेली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर तिचा निळा कप. सकाळी दोन कप आणि चारच्या ठोक्याला एक, एवढी तिची कॉफी. शेगडीवर किटली, किटलीतलं पाणी फडक्यातल्या कॉफीवर बारीक धारेने. धार तुटली की कॉफी बिघडली, असं तिचं मत. आणि तिच्या मताला अपील नव्हतं.

पण महिन्याभरात किटली दोनदा जळाली. दुसऱ्या वेळी धूर जिन्यात गेला, शेजारच्या शिंपिणीने मापबाईच्या लेकीला फोन केला, आणि लेक आली.

लेक म्हणजे रंगाच्या कारखान्यातली सुरक्षा अधिकारी. ओली फरशी, उघडं झाकण, भिंतीला नीट न टेकवलेली शिडी, सगळ्याची ती घटना म्हणून नोंद करायची. खाण तशी माती. आई मापं तपासायची, ही माणसं.

"घटना पहिली, घटना दुसरी," लेक म्हणाली. तिने शेगडीची दोन्ही बटणं उपसून पर्समध्ये टाकली. "तिसरी झाली की तू आमच्याकडे राहायला येणार आणि हे घर भाड्याने जाणार. मी ह्यांच्याशी बोलून ठेवलंय."

"जावयाशी बोललीस. माझ्याशी कधी बोलणार?"

"आत्ता बोलतेय की."

"हे बोलणं नाही, ही नोटीस आहे. नोटिसा मी आयुष्यभर दिल्यात, मला ओळखू येते."

जेवणाचा डबा लेकीकडून येऊ लागला. त्याला मापबाईने फार कुरकुर केली नाही. पण कॉफी डब्यात येत नाही. म्हणून लेकीने कॉफीचं मशीन आणलं. काळं, तकतकीत, काचेच्या भांड्याचं. वरून पाणी घाला, मध्ये कागदाच्या गाळणीत कॉफी घाला, खाली थेंबथेंब पडते. खोक्यावर लिहिलं होतं, बारा कप.

"आणि हे माझ्या फोनला जोडलंय," लेक म्हणाली. "तू चालू केलंस की मला निरोप येतो. दोन तासांनी आपोआप बंदही होतं."

"म्हणजे मी कॉफी प्यायले की घंटा तुझ्याकडे वाजणार."

"काळजी म्हणून, आई."

"खात्यात आम्ही याला पाळत म्हणायचो."

लेक गेल्यावर मापबाईने कपाटातून एक लिटरचं पितळी माप काढलं. बारा कपांच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि मोजलं. दीड लिटर. मग निळ्या कपाने मोजलं. सव्वासहा कप. ती खुर्चीत बसली आणि खोक्याकडे तिने असं पाहिलं, की खोकं माणूस असतं तर दुकान बंद करून गावाला गेलं असतं. मापात पाप, तेही घरात, तेही लेकीच्या हातून.

आता खात्याची एक रीत होती. कुठलंही माप एकदा मोजून खोटं ठरवायचं नाही. सात वेळा मोजायचं, सर्वांत मोठा आकडा टाकायचा, सर्वांत छोटा टाकायचा, आणि उरलेल्या पाचांवर निकाल द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वही उघडली, थर्मामीटर काढला आणि नुसतं पाणी घालून मशीन सात वेळा चालवलं. किती पाणी घातलं, किती उतरलं, उतरताना किती गरम होतं, सगळं नोंदवलं. मशीनच्या तोंडी लागायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. पण मशीन दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होतं, ते मात्र वहीच्या नादात ती विसरली.

सातवी फेरी संपते न संपते तोच दार उघडलं. लेक धापा टाकत उभी. कारखान्यातून तशीच निघालेली, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"सात वेळा, आई. दोन तासांत सात वेळा. किती कप प्यायलीस?"

"एकही नाही."

"बघ, तुला आठवतही नाही." लेकीने सरळ पलंगाखालची बॅग ओढली आणि कपाट उघडलं. "ही तिसरी घटना. चल, दोन साड्या घेते, बाकीचं नंतर नेऊ."

मापबाई उठली नाही. तिने वही फिरवून लेकीसमोर ठेवली.

"ही घटना नाही, तपासणी आहे. पाण्याची. वाच. आणि आधी ते टोपलं उतरव, घरात छत पडत नाहीये."

लेकीने वाचलं. वाचताना तिचा एक हात साडीवरच होता. सात ओळी, सात वेळा, सात तापमानं, खाली एक रेघ आणि रेघेखाली निकाल: "माप खोटं. पाणी कोमट. नापास."

"पाणी अठ्ठ्याहत्तर अंशांवर उतरतं," मापबाई म्हणाली. "कॉफीला नव्वदच्या वर लागतं. या पाण्यात कॉफी होत नाही, पाय शेकायला बरं आहे."

"आणि किटल्या, आई? दोन किटल्या जळाल्या ना?"

मापबाईने चष्मा पुसला. खोटं बोलली असती तर सुटली असती. पण एकतीस वर्षांची सवय आडवी आली.

"पहिल्या वेळी मी थर्मामीटर उकळीवर लावून तपासत होते, ती किटली मुद्दाम ठेवलेली. दुसऱ्या वेळी मी विसरले. सरळ विसरले."

लेकीचा हात साडीवरून निघाला, पण बॅगेवरून निघाला नाही. "मग?"

"मग काय? नापास माप बदलून घ्यायचं असतं. माप खोटं निघालं म्हणून गिऱ्हाइकाला घरातून काढत नाहीत. हे मशीन परत करायचं, मी माझं निवडणार. साक्षीदार म्हणून तू चल. माझं मशीन तुझ्या नजरेत नापास ठरलं, तर मी स्वतः बॅग भरीन."

लेकीला आईचं एक ठाऊक होतं. शब्द दिला की तो तोळाभरही कमी भरायचा नाही. तिने बॅग पलंगावर ठेवली, उघडीच.

काळं मशीन घेऊन दोघी ते जिथून आणलं त्या दुकानात गेल्या. गल्ल्यामागे एक मिशीवाला दुकानदार बसला होता. मापबाईला पाहून त्याने आधी मिशी सावरली, मग खुर्ची, मग उगाचच भिंतीवरचा परवाना.

"बाई, तुम्ही? आमच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. त्यांचं दोन किलोचं वजन तुम्ही जप्त केलं होतं."

"आतून पोकरलेलं होतं."

"हो. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो. वडील त्यानंतर वजनाला हात लावण्यापूर्वी मागे वळून बघायचे."

"चांगली सवय. मशीन दाखवा. आणि प्लगजवळ टेबल मोकळं करा."

पिशवीतून तिने पितळी माप, थर्मामीटर, घड्याळ आणि निळा कप काढून मांडला. दहा मिनिटांत दुकानातली गिऱ्हाइकं पंखे आणि इस्त्र्या सोडून टेबलाभोवती जमली. पहिल्या मशीनचं पाणी मधोमधच पडायचं. गाळणीत मधे विहीर आणि कडेला कोरडी कॉफी. नापास. दुसऱ्याला सतरा बटणं होती.

"एक कॉफी करायला लागतं," मापबाई म्हणाली. "बाकीची सोळा काय करतात?"

"एक घड्याळाचं आहे, बाई, एक..."

"घड्याळ माझ्याकडे आहे. नापास."

तिसऱ्याचं माप खरं, पाणीही गरम, पण टाकीत हात जाईना. "जी टाकी धुता येत नाही तिच्यातलं पाणी मी पीत नाही." दुकानदाराने रुमालाने मान पुसली. लेक हाताची घडी घालून उभी होती, पण चौथ्या मशीनला नकळत तिने स्वतःच वायर ओढून पाहिली आणि "ही आखूड आहे, टेबलावरून ओढली जाईल," म्हणाली. मापबाईने मान न वळवता वहीत लिहिलं.

"ते वरचं काय आहे?" तिने फळीकडे बोट केलं. फळीवर धूळ खात एक खोकं होतं.

"ते कुणी घेत नाही. त्याला काही येत नाही. घड्याळ नाही, फोन नाही, दिवा एकच."

"बोलत नाही ना कुणाशी?"

"मुकं आहे."

"काढा खाली."

मुकं मशीन बुटकं होतं. भांडं काचेचं नव्हतं, स्टीलचं, दुहेरी भिंतीचं, थर्माससारखं. खाली तापणारी तबकडीच नव्हती. खोक्यावर कपांचं नाव नव्हतं. टाकीवर लिटरच्या खुणा होत्या. तिने एक लिटर ओतलं. पाणी खुणेला असं येऊन टेकलं, जसा शहाणा मुलगा रांगेत उभा राहतो. पाणी त्र्याण्णव अंशांवर उतरलं, सगळ्या कॉफीवर सारखं. कुणीतरी टाळी वाजवली. मापबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि टाळी अर्ध्यात थांबली.

"माप खरं असेल," लेक पुढे सरली. "माझा प्रश्न वेगळा आहे. हे चालू ठेवून माणूस विसरला तर? ह्याला वेळ लावलेली नाही, बंद व्हायची सोय दिसत नाही. भाऊ, मी नेलं होतं तसलं एक काचेचं तबकडीवालं पण लावा शेजारी. दोन्ही एकदम चालवू आणि तसंच सोडून देऊ."

"चालव," मापबाई म्हणाली. "तुझं तू, माझं मी."

लेकीने दोन्हींत कपभर पाणी आणि कॉफी घातली आणि काचेच्या मशीनचं बटण दाबलं. मापबाईने मुक्याचं दाबलं. पाणी संपताच मुक्याने आतून एक बारीक टक् केलं आणि त्याचा दिवा विझला.

"बंद व्हायचं काम तेच करतं," मापबाई म्हणाली. "पाणी संपलं की तापणंच संपलं. मी आठवणीत ठेवावं असं काही उरतच नाही."

"पण आई, प्रश्न मशीनचा नाहीच. तू जिन्यात पडलीस तर? रात्री बरं वाटेनासं झालं तर?"

"मग पडेन. तुझ्या घरी जिना नाही का?"

"माझ्या घरी मी आहे."

"तू कारखान्यात असतेस. तुझ्या घरी तुझा नवरा आहे, आणि तो दूध उतू गेलं तरी पेपर खाली ठेवत नाही."

"ह्यांना मध्ये आणू नकोस."

"तूच आणलंस. माझ्या घराचं भाडं ठरवायला."

"मला भीती वाटते, आई." लेकीचा आवाज खाली आला. "त्या दिवशी शिंपीणकाकूंचा फोन आला तेव्हा मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही."

मापबाईने थर्मामीटर पुसून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "भीती खरी आहे. ती मी नापास करत नाही. पण तुझ्या भीतीचं वजन माझ्या पारड्यात टाकू नकोस. मला माझ्या दारातून आत यायचंय आणि माझ्या कपाने प्यायचंय. चालतेय तोवर."

"आणि मी काय करू तोवर?"

"रोज फोन कर. मशीनला नाही, मला."

हे असं किती वेळ चाललं, ते दुकानदारालाही सांगता येणार नाही. तो मान डावीकडून उजवीकडे करत होता. गिऱ्हाइकांपैकी एकीने तर बसायला स्टूल ओढून घेतलं होतं. मग दुकानदाराचं नाक हललं.

"काहीतरी करपतंय," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं. काचेच्या भांड्यात तळाला उरलेली घोटभर कॉफी आटून काळी झाली होती आणि तबकडी अजून तापत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत काच तडकली आणि तळापासून गळ्यापर्यंत एक रेघ वर चढली.

दुकानदाराने प्लग ओढला.

मापबाईने घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि लिहिता लिहिता वाचलं. "घटना तिसरी. त्रेचाळीस मिनिटं. मशीन चालू करणारी व्यक्ती..." ती थांबली. "भाऊ, कोणी चालू केलं होतं?"

दुकानदाराला अचानक छतावरचा पंखा पुसायचा राहिल्याची आठवण झाली.

"मी," लेक म्हणाली. तिने डोक्याला हात लावला आणि तिला कळलं की हेल्मेट अजून डोक्यावरच आहे. तिने ते काढलं. आधी तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि मग ती स्टूलवाल्या बाईच्या शेजारी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "वय सेहेचाळीस. लिही."

"लिहिलं." मापबाईने हात पुढे केला. तळवा वर.

लेकीने पर्स उघडली. रुमाल, चाव्या, मग शेगडीची दोन बटणं निघाली. तिने दोन्ही आईच्या तळव्यावर ठेवली. मापबाईने दोन्हींकडे पाहिलं आणि एक परत केलं.

"दुसरी किटली माझीच चूक होती. दंड एक महिना, एक बटण. एका चुलीवर माझा भात होतो. डबा बंद कर."

"दंड तू ठरवणार?"

"माप माझं आहे."

काळं मशीन दुकानात परत गेलं, मुकं पिशवीत. तडकलेल्या भांड्याची भरपाई लेकीने न विचारता केली, आणि दुकानदाराने ती घेताना वडिलांच्या सवयीने एकदा मागे वळून पाहिलं. घरी आल्यावर मापबाईने आधी पलंगावरची उघडी बॅग मिटून खाली सरकवली. मग कपाटातून शिशाचा जुना शिक्का आणि चिमटा काढला आणि मशीनच्या वायरीला, खात्यात लावत तसा, एक सील लावलं. तपासलं, खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आई, झाली का कॉफी?"

"झाली."

"किती कप?"

"तुझ्या खोक्याच्या मापाने चार," मापबाई निळा कप उचलत म्हणाली. "माझे दोन."