अंगणात आलेल्या खुर्च्या

फाटकाची कडी वाजली तेव्हा मॉरीन नवऱ्याला सतराव्यांदा फोन लावत होती. फोन बंदच होता. तिने खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. तीन बायका डोक्यावर खुर्च्या घेऊन आत येत होत्या.

खुर्च्यांचा अर्थ तिला ठाऊक होता. मागच्या महिन्यात वळणावरचा म्हातारा सुतार गेला, तेव्हा चर्चमधल्या याच पांढऱ्या खुर्च्या त्याच्या अंगणात मांडल्या होत्या. आधी खुर्च्या येतात, मग मोठं पातेलं, मग प्रार्थनागीतांची पुस्तकं.

"सापडले का?" ती धावतच बाहेर आली. "काय झालंय? खरं सांगा मला!"

"काही कळलेलं नाही गं. आधी बस बघू," यूडोरा म्हणाली. समोरच्या घरातली, सत्तरीकडे झुकलेली ही बाई. अख्खं गाव तिला टँटी म्हणे, म्हणजे मावशी.

"मग खुर्च्या कशाला?"

"उभ्याने वाट बघू होय?" जाडजूड व्हर्जी धापा टाकत म्हणाली. "माझे गुडघे बघ की जरा!"

तिचा नवरा कीथ पहाटे जॅक्स नावाच्या तरुण कोळ्याच्या बोटीतून मासे धरायला गेला होता. अकराला परतायचे ते दोघं, आता चार वाजत आले होते. जानेवारीचा वारा सुटला होता आणि टेकडीखाली समुद्र नुसता पांढरा दिसत होता. इंग्लंडमधलं यॉर्कशरचं घर विकून नवरा-बायको कॅरियाकू या कॅरिबियन बेटावर आली, त्याला दहा महिने झाले होते. दहा महिन्यांत मॉरीनला इथली जाणारी वीज, इथले भलत्या वेळी आरवणारे कोंबडे, इथलं 'उद्या बघू', कशाचीच सवय झाली नव्हती. सवय होती ती एका कीथची. तो नसला तर या बेटावर आपण कोणाच्या, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी तिची गत झाली होती.

यूडोराने हिरव्या तुरीच्या शेंगांची परात मध्ये ठेवली.

"सोल. हाताला काम दे काहीतरी."

मॉरीनला एक शेंग धड उघडता येईना.

"सगळं त्या जॅक्समुळे!" ती एकदम बोलून गेली. "असल्या वाऱ्यात शहाणा माणूस बोट काढतो का? बेजबाबदार कार्टा! कीथचं काही बरंवाईट झालं तर मी त्याला सोडणार नाही."

बायकांचे हात थांबले. व्हर्जीने काही बोलायला तोंड उघडलं, पण यूडोराने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग तिने रडणाऱ्या मॉरीनचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

साडेचारला पोलीस आला. तरुण होता, नुकताच ग्रेनेडाच्या मोठ्या बेटावरून बदलून आलेला.

"बोटीवर कोण कोण होतं?"

"माझा नवरा. कीथ हॅलम. वय बासष्ट."

"आणि बोट कोणाची?"

"जॅक्सची."

"बाई, जॅक्स हे माशाचं नाव." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "या बेटावर प्रत्येकाला असलं एकेक नाव असतं. पण तटरक्षकांना कळवायला मला बाप्तिस्म्याचं नाव लागेल."

आठवड्यातून दोनदा तो पोरगा तिच्या पायरीवर बसून चहा पीत असे. त्याला दुसरं नाव असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"लिही," यूडोरा परातीकडे बघत म्हणाली. "एल्रॉय बेथेल. अठ्ठावीस पुरी. पोटावर डाव्या बाजूला भाजल्याचा डाग आहे. तीन वर्षांचा असताना गरम चहा सांडला होता अंगावर."

"तुम्ही कोण त्याच्या?"

"आई."

पोलीस लिहून घेऊन गेला. मॉरीनला मान वर करवेना. एल्रॉय हे नाव तिने टँटीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. यूडोराचं शेंडेफळ, लग्नानंतर पलीकडच्या गावात राहणारं. एल्रॉयने छप्पर नीट केलं, एल्रॉयला बाळ होणार आहे. त्याला बघायचं तेवढं राहून गेलं, असंच ती इतके दिवस समजत होती.

"टँटी, मी मघाशी काय काय बोलले..."

"बोललीस. असू दे."

"तुम्ही आपल्या घरी का नाही थांबलात?"

"माझ्या घरी चार लेकी बसल्यात वाट बघत, सून आहे. तुझ्या घरी कोण होतं?"

व्हर्जी उठून पाणी आणायला आत गेली. वारा जराही पडला नव्हता.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मॉरीनने विचारलं.

यूडोराने हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले.

"अकरा वाजल्यापासून," ती म्हणाली.

मॉरीनने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या खुर्चीला लावून ठेवली.