उजवी बाजू वर

किमोनोची डावी बाजू वर घ्यायची, हे आपल्या जपानात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. उजवी बाजू वर येते ती मेल्यावर, दुसऱ्यांच्या हातांनी. म्हणून सिनेमात भुताचं काम करणाऱ्याचा किमोनो शॉट संपला की आधी सोडतात, जिवंत माणसासारखा बांधतात आणि मगच त्याच्या हातात जेवणाचा डबा देतात. कपडेपटातल्या फुसाएने आयुष्यभर हेच केलं होतं. त्या दिवशी मात्र तिने कंटाळा केला, आणि तोही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

एका गाजलेल्या चित्रकथेवरून भुताचा सिनेमा बनत होता. नागानोच्या डोंगरातल्या एका बंद पडलेल्या सराईत शूटिंग चाललं होतं. सराईत हिंडणाऱ्या मेलेल्या मुलीचं काम फुसाएची लहानगी मुलगी चिहाया करत होती. काम आईच्याच खटपटीने मिळालेलं, त्यामुळे फुसाए जरा तोऱ्यातच होती.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बाहेर बर्फ, आत गारठा आणि पोरीला कडकडून भूक लागलेली.

"किमोनो बदलून बांधा हं, फुसाएबाई," दिग्दर्शक कुरामोची म्हणाले. भूतबाधेवर उतारा म्हणून त्यांच्या खिशात देवळातल्या मिठाची पुडी कायम असायची.

"तुम्ही मीठ चाटत बसा," फुसाए हसली. "सोडा, बांधा, जेवल्यावर पुन्हा सोडा, पुन्हा बांधा. तोवर भात गार होईल. खा गं तू."

चिहायाने पहिला घास गिळला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"आई? सगळे कुठे गेले?"

खोली माणसांनी भरलेली होती. फुसाए तर तिच्या समोरच बसली होती.

"नाटकं पुरे. जेव."

पण पोरगी तिच्या आरपार बघत होती. ती उठली आणि माणसांमधून वाट काढत, कुणाकडेही न बघता, एकेक दार सरकवून आईला हाका मारत सुटली.

"काय काम करते पोरगी," दिवे सांभाळणारा कुजबुजला. कुरामोचींनी हळूच कॅमेरा सुरू करायला लावला. चिहाया हुंदके देऊ लागली तेव्हा त्यांनीच तो बंद करवला आणि पुडी काढून तिच्यावर मीठ टाकलं. मीठ तिच्या केसांत पडलं, तरी तिला कळलं नाही.

फुसाएने तिला धरून उभं केलं, पट्टा सोडला, डावी बाजू वर घेऊन करकचून बांधली. हात काढला, तर उजवी बाजू वर. पुन्हा बांधली, पुन्हा तेच. आईचा हात लागला की चिहाया नुसती शहारायची.

"किती वारा आहे इथे," ती पुटपुटली. मग अंधाऱ्या बोळाकडे वळून तिने कान दिला.

"हो, आले," ती कुणाला तरी म्हणाली.

पोर निघाली होती, आणि एकटी निघाली होती. फुसाएने दांडीवरचा एक तपकिरी किमोनो ओढला आणि स्वेटरवरच चढवला.

"काय करताय?" कुरामोचींनी तिचा दंड धरला. "पुजाऱ्यांना बोलावतो. थोडं थांबा."

"तोवर ती कुठे पोचेल, साहेब?"

हात सोडवून घेत तिने उजवी बाजू वर घेतली, पट्टा बांधला आणि चिहायाच्या डब्यातला उष्टा भात तोंडात कोंबला.

कुरामोचींचा आवाज मध्येच बंद पडला. खोलीत कुणी नव्हतं. नुसते उघडे डबे, आणि त्यांच्यातून निघणाऱ्या वाफा.

"आई!" चिहाया धावत येऊन तिला बिलगली. तिचं अंग बर्फासारखं गार होतं. "कुठे गेली होतीस गं? किती शोधलं मी."

"इथेच होते, राणी."

"त्या बायका म्हणाल्या, तू यायची नाहीस."

बोळात पांढऱ्या किमोनोतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या सरकून दोघींना जागा करून देऊ लागल्या. फुसाएला भीती वाटली, फार वाटली. पण पोरीने तिच्या कमरेला मिठी मारली होती आणि तिचं रडणं थांबलं होतं.

"आधी डबा संपव," फुसाए म्हणाली, आणि तिला मांडीवर घेऊन भरवू लागली.