ज्याचा त्याचा रविवार

"आज मी आहे!" दुकानाची पायरी चढता चढताच कंपाउंडर ओरडला. "मावशी, हे बघा. अख्खं अर्धं पान!"

मावशीच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच काही बोलावं लागलं नाही. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. कॉलरवाचून पडलेल्या शर्टांचा ढीग कमरेएवढा झाला होता, आणि हे ऐंशीला टेकलेले गृहस्थ वर्तमानपत्राची पुरवणी नाचवत नवरदेवासारखे उभे होते. शाळेचे गणवेश शिवणारी म्हणून गावात सगळेच तिला मावशी म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला कंपाउंडरसुद्धा.

"नंतर वाचते," टाचण्या काढून ती म्हणाली.

"नंतर कशाला? मीच वाचतो की." त्याने चष्मा चढवला. "'आमच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका म्हणजे मायेचा झरा...'"

मायेचा झरा! औषधाची रिकामी बाटली आणली नाही म्हणून पोरांना दारातून पिटाळणारा हा माणूस! मावशीने मशीनचं चाक असं गरकन फिरवलं की दोराच तुटला.

पुरवणीत दर रविवारी गावाच्या आठवणी लिहिणारी बाई याच गावात वाढलेली. शाळेत ती काडीसारखी होती म्हणून तिला सगळे पेन्सिल म्हणायचे. पुढे शहरात जाऊन ती मोठी लेखिका झाली, आणि आता म्हातारपणी तिला गाव आठवायला लागलं होतं. एकामागून एक माणसं ती पुरवणीत आणून बसवत होती. आधी शाळेची घंटा वाजवणारा शिपाई आला. मग चित्रकलेचे मास्तर, सायकलवाला, थिएटरच्या दारात तिकिटं फाडणारा तो एकाक्ष. एका रविवारी तर शाळेच्या फाटकाशी झोपणारा कुत्रा आला. त्या दिवशी मावशीला जेवण गेलं नाही.

कारण पेन्सिलच्या बाकावर चार वर्षं शेजारी कोण बसत होतं? मावशी. पाचवी ते आठवी. पेन्सिलचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता होता. फ्रॉकचा पट्टा सारखा घसरायचा आणि ती रडकुंडीला यायची. शिंप्याच्या लेकीला हे पहिल्याच दिवशी कळलं. रोज वर्ग भरण्याआधी ती तो पट्टा आतल्या बाजूने सेफ्टीपिनने अडकवून द्यायची, बाहेरून कुणाला दिसणार नाही असा. चार वर्षांत पेन्सिलला त्यावरून कुणी चिडवलं नाही. आठवीत वडिलांची नजर गेली, मावशी शाळा सोडून त्यांच्या मशीनवर बसली, आणि पट्ट्याचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही.

एवढं सगळं असून तिचा रविवार काही येत नव्हता. एकतीस झाले होते. ती मोजत नव्हती म्हणायची, पण मोजत होती.

बोलून दाखवण्याइतकी ती कच्ची नव्हती. तिचा राग दुसरीकडून निघायचा. ज्याचा रविवार होऊन गेला, त्याचे कपडे लांबणीवर पडायचे. शिपायाच्या नातवाचा शर्ट दीड महिना रखडला. चित्रकलेच्या मास्तरांची विजार ढिगाच्या तळाशी गेली ती गेलीच. सुनेच्या हे लक्षात आलं होतं. ती शेजारी बसून काजं करायची आणि गालातल्या गालात हसायची.

"आई, कंपाउंडरकाकांचा पायजमा पण खाली घालू का?" तो गेल्यावर तिने विचारलं.

"घाल," मावशी म्हणाली. "माझ्याकडे काय बघतेस? घाल म्हटलं ना."

पण त्या पानाच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती सुनेने वाचून दाखवली. पुढच्या रविवारी शेवटचा लेख. आणि लेखिका बुधवारी शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला येणार होत्या.

शेवटचा! मावशीचे हात मशीनवर थांबले. मग तिला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. गोड पदार्थ कधी वाढतात? शेवटीच ना? तिने बुधवारसाठी चांगलं पातळ काढून ठेवलं, आणि मग आपलीच लाज वाटून पुन्हा कपाटात ठेवलं.

बुधवारी दुपारी दुकानाच्या दारात एक बाई उभी राहिली. हातात जॅकेट होतं.

"ऐकता का? हे जरा बघाल? नवीनच आहे, पण खांद्यावरून सारखं घसरतंय. संध्याकाळी स्टेजवर बसायचंय हो मला."

मावशीने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिने खांदा बघितला. उजवा, अर्धा इंच खाली. शेजारी काजं करणाऱ्या सुनेला तिने स्टूल पुढे सरकवायला खुणावलं.

"या, बसा," ती म्हणाली, आणि ओळखायला सोपं जावं म्हणून तिने चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय तिला सुईचं नाकही दिसत नव्हतं, तरी काढून ठेवला.

लेखिका स्टुलावर बसल्या. गठ्ठ्यांकडे, भिंतीवर टांगलेल्या फ्रॉककडे, कात्र्यांकडे कौतुकाने बघत राहिल्या. मावशीकडेही तसंच, त्याच कौतुकाने बघितलं. मग पर्समधून छोटी वही काढली.

"गावातली सगळी मुलं तुमच्याच हाताखालून गेली म्हणायची."

"हो. आता त्यांची मुलं येतात." मावशीला चष्मा पुन्हा लावावा लागला. "तुमचा उजवा खांदा उतरता आहे. आतून बारीक गादी लावून देते. दिसणार नाही."

"अगं बाई! शहरातल्या टेलरने तीनदा माप घेतलं, त्याला नाही कळलं. तुम्हाला टेप न लावता कसं कळलं?"

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण मावशीला सांगायचं नव्हतं, समोरचीने आपणहून ओळखावं असं तिला वाटत होतं. तिने गादीला टाके घालायला सुरुवात केली आणि जरा मदत केली.

"तुमचं दर रविवारी वाचतो आम्ही. शाळेतलं केवढं आठवतं हो तुम्हाला! बाकावर शेजारी कोण बसायचं, तेसुद्धा आठवत असेल."

लेखिकांनी खरोखर विचार केला. पेन गालाला लावून, डोळे बारीक करून.

"शेजारी... होती एक मुलगी. अगदी अबोल. मध्येच शाळा सोडून गेली वाटतं. नाव नाही आठवत, चेहराही नाही. गंमत बघा, फाटकाजवळच्या कुत्र्याचा फाटका कान मला स्वच्छ आठवतो, आणि ही..." त्या हसल्या.

अबोल! बडबडीपायी जिला महिन्यातून चार वेळा वर्गाबाहेर उभं करायचे, ती अबोल! मावशीने खालमानेने आणखी तीन टाके घातले. चौथा बोटात गेला.

"तुम्ही इथल्याच का?" लेखिकांनी वही पुढे करून विचारलं.

सुनेने तोंड उघडलं.

"नाही," मावशी म्हणाली. "मी लग्न होऊन आले इथे."

सून बघतच राहिली. मावशीने कात्री हवी असल्यासारखा तिच्यापुढे हात केला. जिला इतकं बसून विचार करूनही आपण आठवलो नाही, तिला आपली आठवण करून द्यायची म्हणजे भीक मागणं झालं. राग, लाज, हेवा, सगळं एकदम दाटून आलं होतं तिला. पण भीक तिने कधी मागितली नव्हती.

जॅकेट घालून लेखिका आरशासमोर उभ्या राहिल्या. खांदे हलवून बघितले. जॅकेट जागचं हललं नाही.

"किती वर्षांनी काहीतरी नीट बसलं हो अंगावर!" त्या म्हणाल्या, आणि मावशीचा हात दोन्ही हातांत घेऊन निघून गेल्या.

समारंभाला सून एकटीच गेली. परत आल्यावर तिने एवढंच सांगितलं, "दोन तास बसल्या होत्या, आई. जॅकेट कुठे म्हणून सरकलं नाही."

रविवारी कंपाउंडर पायरी चढला तेव्हा सून पुरवणी उघडून बसली होती. मथळ्यातच होतं: गणवेशवाल्या मावशी.

"अरे वा! आलात एकदाच्या!" कंपाउंडर म्हणाला. "वाच गं, मोठ्यांदा वाच."

सून वाचायला लागली. मावशीचे हात, तिची नजर, कपड्यांचे गठ्ठे, सगळं छान उतरलं होतं. मग ती अडखळली. "'मावशी या गावच्या नव्हेत. लग्न होऊन आल्या आणि...'"

"चूक! साफ चूक!" कंपाउंडर उसळला. "गोवर आला होता तेव्हा औषध मी दिलंय हिला! आणि एका बाकावर नव्हत्या बसत दोघी? सगळ्या गावाला माहितीये. मी पत्र लिहितो पेपरला."

"काही लिहायचं नाही तुम्ही," मावशी म्हणाली.

"अहो, पण..."

"पुढे वाच गं."

सुनेचा आवाज खाली आला. "'गावातून निघताना वाटत होतं, शाळेत माझ्या बाकावर या मावशींसारखी कुणी असती, तर माझं लहानपण इतकं एकटं गेलं नसतं.'"

कंपाउंडरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मावशी त्या कागदाकडे बघत होती. एवढ्या रविवारांत कुणाचा वाटला नव्हता इतका हेवा तिला त्या लग्न होऊन आलेल्या बाईचा वाटला.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं."

"मग बटणं घे लावायला. उद्या शाळा आहे पोरांची."

तिने मशीनवर पाय ठेवला. पायरीवरून कंपाउंडरने काहीतरी विचारलं, पण मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही.