गाल फुगवून दाखवा

मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरीने लटकलेला, मुठीत मावेल एवढा. मित्रांनो, सोनोग्राफी म्हटलं की तुम्हाला पोटातली बाळं आठवतात. माझ्या नशिबी बाळं नाहीत. माझ्या नशिबी आहेत सुपारी चघळणाऱ्यांचे गाल आणि त्या गालांच्या मालकांच्या थापा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी गुळगुळीत होतो. दवाखान्यात आलो तर सगळे मला हातात घेऊन बघायचे. चार दिवसांचं कौतुक! पुढे अंगावर तपासणीचं चिकट जेल वाळून पापुद्रे धरले तरी कुणी पुसेना. एकदा एका शहाण्याने मला हुकावर अडकवायचा कंटाळा केला आणि मी फरशीवर आपटलो. तेव्हापासून माझ्या चित्रात एक काळी रेघ उमटते, ती कायमचीच. शहाणा म्हणाला, "ती आधीपासूनच होती." माणसं अशीच.

माझं काम सोपं आहे. रोग्याने पाण्याचा घोट तोंडात धरून गाल फुगवायचा, म्हणजे गाल हिरडीपासून सुटतो. मग मी बाहेरून फिरतो. निरोगी गालात आतल्या अस्तराखाली काळसर, मऊ थर दिसतो. सुपारीने अस्तर आखडू लागलं की तिथे पांढरे पट्टे येतात. पुढे तोंड उघडेनासं होतं आणि घास आत जाईनासा होतो. डॉक्टरांच्या बोटाला पट्टे लागण्याआधीही ते मला दिसू शकतात. तरी माझ्यासमोर बसून लोक म्हणतात, "मी काही खात नाही हो!"

असाच एक ट्रंपेटवाला आला. सोबत थोरली बहीण. आई गेल्यावर आपणच याला वाढवलं, हे तिने आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं. त्याचे वरचे सूर निघेनासे झाले होते आणि वाद्यवृंदातली जागा जायच्या बेतात होती. गाल आखडला, तर या महाभागाने काय केलं? ट्रंपेट बदलला!

"सुपारी खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! कुणी दिलीच तर, कधीतरी."

"कुणी दिलीच तर म्हणे!" बहीण कडाडली. "खिसे तपासा त्याचे, डॉक्टर. माझं एक ऐकेल तर शपथ!"

त्याने गाल फुगवला तर पाणी शर्टावर सांडलं. मी टेकलो. पांढरे पट्टे होते, बारीक, पण होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. थापाड्याला तोंडघशी पाडण्यासारखं सुख नाही.

"निरोगी गाल कसा असतो ते यांना दाखवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही बसा. घ्या घोट."

ताई ऐटीत बसल्या. गाल काही फुगेना. पडद्यावर भावापेक्षा जाड पट्टे उमटले.

"पण मी तंबाखूला शिवतसुद्धा नाही! जेवण झालं की साध्या सुपारीचं एक खांड, बस. त्याने काय होतंय?"

"साध्या सुपारीनेच होतं, ताई. तंबाखू लागत नाही."

मी मनात फिदीफिदी हसत होतो. ताई मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लहानपणी हा रडायला लागला की अर्धं खांड मीच याच्या तोंडात घालायचे. लगेच गप्प बसायचा."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. भावाने खिशातल्या पुड्या काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी, परवा, दोघं पुन्हा आली. त्याचे पट्टे गेलेले नाहीत, पण वाढलेलेही नाहीत. गाल फुगवला तर थेंब सांडला नाही. जागा टिकली म्हणाला. ताईंनीही सुपारी सोडली, पण त्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. भाऊ मऊ कालवून चमच्याने भरवतो. "माझं राहू द्या, याचं ठीक आहे ना?" एवढंच त्या विचारत होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला पुसून हुकावर अडकवत जा, असं सांगणार होतो. जाऊ द्या, तुम्ही ऐकणार नाही. मी मोडलो तर नवा प्रोब येईल. गालाला ती सोय नाही. एवढं तरी करा. पोर रडत असेल तर रडू द्या. रडायला तोंड पुरतं उघडावं लागतं.